वऱ्हाडच्या वाटा आणि चाकांची निवड

अमरावतीहून बडनेरा ओलांडून अकोल्याच्या दिशेने निघालेल्या गाडीतील प्रवाशांना आज रस्त्याची फारशी जाणीव होत नाही. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ हा क्रमांक धारण करणारा हा मार्ग एके काळी खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड करण्यात आले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. तेथे २५ किलोमीटरहून थोडे अधिक काम व्हायला दहा दिवस लागले होते. ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस, भट्टीसारख्या वाऱ्यात, सातशेहून अधिक माणसे पाळ्या लावून त्या कामावर राबली. वऱ्हाडातील माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु मूर्तिजापूरच्या अलीकडे किंवा पलीकडे कोठेही हा महामार्ग सोडून डावी-उजवीकडे वळावे. पहिला किलोमीटरभर डांबर असते, पुढे गिट्टी उघडी पडते, त्यानंतर मुरूम लागतो आणि शेवटी पांदण. दोन्ही बाजूंना बाभळीची रांग, मध्ये बैलबंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी कोरलेल्या चाकोऱ्या आणि खाली ती सुप्रसिद्ध काळी माती. अर्ध्या तासाच्या अंतरात एकाच गाडीच्या चाकांना जगातील वेगाचा विक्रम केलेला रस्ताही भेटतो आणि बैलालाही नकोसा वाटणारा चिखलही. वऱ्हाडात गाडीचे टायर निवडताना जी कोंडी होते, तिचे मूळ या अंतरात आहे.

अमरावतीतील एका कुटुंबात गेल्या पावसाळ्यापूर्वी ही कोंडी चांगली पंधरवडाभर चालली. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी, म्हणजे बोलीभाषेत ‘फोर बाय फोर’, अशी त्यांची गाडी. मूळचे टायर झिजले होते. वडिलांचे शेत दर्यापूरकडे, धाकट्या मुलाची नोकरी अकोल्यात आणि थोरली मुलगी धारणी तालुक्यात आरोग्य केंद्रावर डॉक्टर. गाडी तिघांच्याही उपयोगाची. मुलाला मोठाल्या दातांचे, रुंद, रांगडे दिसणारे टायर हवे होते. वडिलांना महामार्गासाठीचे साधे, गुळगुळीत चालणारे आणि स्वस्त टायर पुरेसे वाटत होते. त्यांच्या मते गाडी वर्षातले अकरा महिने डांबरावरच धावते. मुलीने फोनवर एवढेच विचारले, “बाबा, जुलैत सेमाडोहच्या पुढे गाडी थांबवता येईल ना?” गाडी पुढे जाईल का, हे तिने विचारले नव्हते. तिला गाडी थांबण्याची चिंता होती.

या प्रश्नात मर्म आहे. चारही चाकांना शक्ती मिळाल्यामुळे गाडी अडचणीतून बाहेर पडते, चढ चढते, हे खरे. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात आणि थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला साध्या गाडीपेक्षा काडीचाही अधिक लाभ नाही. वळणावर टिकणे आणि वेळेवर थांबणे या दोन्ही गोष्टी टायरचा जो तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो त्यावर अवलंबून असतात. असे चार तळहात मिळून दोन टन वजन, त्यात बसलेले कुटुंब आणि घाटातला उतार सांभाळत असतात. हे ध्यानात न घेता केवळ दर्शनी रूपावरून टायर घेणे म्हणजे ताळेबंद न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखे आहे.

बाजारात अशा गाड्यांसाठी ढोबळमानाने तीन जातींचे टायर मिळतात. पहिली जात ‘एचटी’, म्हणजे महामार्गासाठीची. हिच्या पृष्ठावरील रबरी ठोकळे एकमेकांना चिकटून असतात, खाचा अरुंद असतात, आवाज कमी होतो, इंधन कमी लागते. दुसरी टोकाची जात ‘एमटी’, चिखलासाठीची. हिचे ठोकळे मोठे, त्यांच्यामधील गाळे रुंद आणि खोल. चाक फिरताना गाळ्यांत भरलेला चिखल भिरकावला जावा ही त्यामागील कल्पना. या दोहोंच्या मधली ‘एटी’, म्हणजे सर्व प्रकारच्या भूमीसाठीची. ठोकळे मध्यम, गाळे मध्यम आणि ठोकळ्यांच्या अंगावर बारीक चिरा, ज्यांमुळे ओल्या डांबरावर पकड मिळते. ही मधली जात फार जुनी नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतली तेव्हा तिला लष्करी धाटणीचे, आडव्या पट्ट्यांचे अरुंद टायर असत. तिच्यात बसून दौरे केलेले तलाठी, कृषी अधिकारी, वनाधिकारी त्या टायरांचा घूंऽऽ असा आवाज अजून विसरलेले नसतील. रेडियल बांधणीचा ‘ऑल-टेरेन’ टायर १९७६ साली अमेरिकेतील बीएफगुडरिच कंपनीने आणला आणि शहर व रान या दोन्ही ठिकाणी एकच चाक चालविण्याची कल्पना रुळली. आज सिएट, अपोलो, एमआरएफ, जेके या भारतीय कंपन्याही असे टायर बनवितात. जून २०२० मध्ये केंद्राने टायरांच्या आयातीवर निर्बंध घातल्यानंतर देशी पर्यायांकडे ग्राहकांचे लक्ष अधिक गेले, ही त्यातली इष्ट बाजू.

आता काळ्या मातीकडे वळावे, कारण वऱ्हाडात खरी परीक्षा तिथेच आहे. दख्खनच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन बनलेली ही माती. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या भागात शेतात उभे राहिले तर भेगांत हात सहज जातो. मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर हीच माती लोण्यासारखी होते आणि चाकाला लागली की सुटत नाही. प्रथम खाचा भरतात, मग संपूर्ण चाक मातीचे एक गुळगुळीत वेटोळे होऊन जाते. त्या अवस्थेत एटी, एचटी यांत भेद उरत नाही. खाली रबर कोणते आहे याची जमिनीला खबरही लागत नाही. पुढे माती मडगार्डात साचून चाकाला घासू लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर निचरा आणखी कमी, त्यामुळे तेथील पांदणी अधिक काळ ओल्या राहतात. मोठ्या गाळ्यांचे एमटी टायर तेथे काही अंशी तग धरतात, तेही चाक वेगाने फिरत राहिले तर. वेग मंदावला की तेही भरतात.

अमरावतीच्या टायर दुकानातील प्रौढ कारागिराने त्या कुटुंबातील वडिलांना एका वाक्यात हे सांगितले होते. “काकाजी, पाण्यापावसात वावरात जाचं असन, त ट्रॅक्टरच बरा.” टायर विकणाऱ्याने असा सल्ला द्यावा ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत वावरलेल्या माणसांनी तिच्याशी झगडण्यापेक्षा तिची वेळ सांभाळणे पसंत केले. पाऊस उघडून दोन दिवस कडक ऊन पडले की वर कडक पापुद्रा धरतो आणि बंडी निघते. ब्रिटिश काळात मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ गाठणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची आगगाडी आली ती मुख्यतः कापसासाठी. पावसाळ्यातील कच्च्या वाटांची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला, कापसाच्या गाठींसाठी लोखंडी रूळ टाकावेसे का वाटले असतील, हे वेगळे सांगावे लागत नाही. आता ती गाडी बंद आहे आणि तिचे रूळ गवतात हरवले आहेत.

बंडीच्या चाकाविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. ते उंच, अरुंद आणि लोखंडी धावेचे असते. वरचा चिखल जेमतेम वीतभर आणि खाली घट्ट भूमी असेल तेथे असे अरुंद चाक चिखल कापून तळ गाठते आणि टेकते. याच न्यायाने जुन्या मारुती जिप्सीचे अरुंद टायर अनेक ठिकाणी आजच्या रुंद टायरांना मागे टाकतात, हे अनुभवी चालक जाणतात. उलट जेथे तळच नाही, म्हणजे खोल गाळ किंवा वाळू आहे, तेथे रुंद टायर भार पसरवून तरंगतो. काळ्या मातीच्या पांदणीत तळ कधी असतो, कधी नसतो. सरकारने पांदण रस्त्यांना मुरूम-खडीचा थर देण्यासाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली; ज्या गावी हे काम झाले आहे तेथे साधे टायरही पुरतात, आणि जेथे झाले नाही तेथे उत्तम टायरही पुरत नाहीत.

पावसाळा सरला म्हणजे शेतवाटा निर्धोक झाल्या असे नाही. बाभळीचा काटा रबराला सहज भेदतो. त्याहून घातक ते पऱ्हाटी आणि तुराट्या कापल्यानंतर वावरात उरणारे तिरपे, धारदार खुंट. धुऱ्याच्या कडेने गाडी नेताना असा एक खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत शिरला की ते पंक्चर दुरुस्त होत नाही. टायरच बाद होतो. एटी टायरचा उपयोग वऱ्हाडच्या सपाटीवर खरा कोठे आहे, तर तो इथे. याचे रबर जाड, खाचा खोल आणि अनेक बनावटींत बाजूची भिंत अधिक मजबूत असते. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तर तो रस्त्यातच उपटण्याचा मोह आवरावा. तो जागेवर असेपर्यंत हवा बेताने जाते आणि पंक्चरचे दुकान गाठता येते.

सपाटी सोडून उत्तरेकडे परतवाड्याला पोहोचले की सातपुड्याची भिंत समोर उभी राहते. परतवाड्यापासून थोड्याच अंतरावर मुक्तागिरी आहे. तेथवरचा रस्ता कुटुंबाच्या साध्या गाडीलाही मानवतो. धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याकडे जाणारा घाट मात्र वेगळ्या प्रकृतीचा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर, भोवती मेळघाटाचे डोंगर. गावाच्या नावाचा संबंध कीचकाच्या कथेशी जोडतात, पण जुलैत तेथे गेलेल्याला नावाची वेगळी व्युत्पत्ती सुचली तर त्याला दोष देता येणार नाही. धुके एवढे उतरते की समोरच्या गाडीचे दिवेच काय ते दिसतात. डांबर ओले, त्यावर सागाची कुजलेली पाने, वळणावर डोंगरातून वाहून आलेली माती आणि कडेला काळ्या दगडाची टोकदार खडी.

या डोंगरांनी चाकांची परीक्षा मोटारींच्या फार आधीपासून घेतली आहे. १८०३ च्या नोव्हेंबर अखेरीस अकोटजवळच्या अडगावच्या लढाईनंतर इंग्रजांनी गाविलगडाकडे मोर्चा वळविला. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेला आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला आणि कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा घेऊन उत्तरेकडील लबाड्याच्या बाजूने चढली. वाट अशी नव्हतीच. सैन्याने स्वतः वाट फोडली आणि सुमारे तीस मैल डोंगर-दऱ्यांतून तोफा माणसांनी ओढून नेल्या. ७ डिसेंबरला एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, निघालेली ही तुकडी १२ तारखेला लबाड्याला पोहोचली आणि १५ डिसेंबरला गड पडला. गाविलगडाच्या तटावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे त्या पाच दिवसांत काय झाले असेल याची कल्पना येते. अडचण तेव्हाही चढण्यापुरती नव्हती. जड तोफेचे चाक उतारावर आवरणे हे ती ओढण्याहून कठीण काम असते.

चिखलदऱ्याहून किंवा परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह, पुढे हरिसाल आणि धारणी हा मेळघाटाचा मुख्य मार्ग. अमरावतीहून धारणी सुमारे दीडशे किलोमीटर. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अभयारण्यांत मेळघाट होते. येथे गाडी रस्त्यावरून खाली उतरविणे हा धाडसाचा नव्हे, गुन्ह्याचा विषय आहे, हे मोठ्या टायरांच्या हौशी मंडळींनी लक्षात ठेवावे. सिपना नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता देखणा आहे. परंतु येथे राहणाऱ्या कोरकू बांधवांना या रस्त्याचे मोल सौंदर्याने ठरवता येत नाही. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागड येथे रुग्णसेवा सुरू केली तेव्हा तेथवर पोहोचायला मैलोगणती पायी चालावे लागे. २०१९ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली. आज बहुतेक गावांना रस्ता आहे, पण पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा पाण्याखाली जातो, खडी उखडते आणि अडलेल्या बाळंतिणीला धारणीच्या रुग्णालयात नेणारी गाडी ज्या चाकांवर धावत असते त्या चाकांवर दोन जीव अवलंबून असतात.

डॉक्टर मुलीच्या प्रश्नाचा हा अर्थ होता. अशा रस्त्यावर झिजलेला एचटी टायर उतारावर घसरतो. एमटीची चिखलातील पकड कौतुकास्पद असली तरी ओल्या, गुळगुळीत डांबरावर त्याचे मोठाले ठोकळे कमी रबर टेकवतात, बारीक चिराही कमी असतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. सेमाडोह ते धारणी या वाटेवर डांबरही आहे, उखडलेली खडीही, मातीही. तिन्हींवर बऱ्यापैकी टिकणारा, एकावरही दगा न देणारा टायर येथे हवा आणि ते वर्णन एटीला लागू पडते. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र कोणत्याही टायरचा भरवसा धरू नये. वाहते पाणी गुडघ्याच्या खाली असतानाही गाडी बाजूला रेटू शकते.

अकोल्याच्या बाजूने पाहिले तर अकोटमार्गे शहानूर आणि तेथून नरनाळा. गडावर वाहनाने जाता येते. १४८७ मधील कोरीव लेख असलेला महाकाली दरवाजा पाहण्यासाठी हिवाळ्यात अनेक कुटुंबे जातात. चढ तीव्र, वळणे आवळलेली, पण कोरड्या दिवसांत चांगल्या अवस्थेतील कोणताही टायर पुरतो. नरनाळ्यासाठी म्हणून कोणी टायर बदलण्याचे कारण नाही.

अकोल्याचा खरा प्रश्न उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे तेथे नवलाचे नाही आणि डांबराचे तापमान हवेहून कितीतरी अधिक असते. ऊन टायरला एकटे फोडत नाही. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या घडामोडीने आत उष्णता साचते आणि शंभराच्या वेगात थर सुटू लागतात. अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर टायरांची तपासणी करण्याची वेळ आली ती अशाच अपघातांमुळे. एटी टायरचे जाड ठोकळे अधिक तापतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हवेची शिस्त अधिक कडक हवी. हवा नेहमी सकाळी, गाडी चालण्यापूर्वी मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एका पीएसआयने वाढतो. दुपारी महामार्गावर वाढलेला दाब पाहून हवा काढून टाकणारे गृहस्थ आपल्याच हाताने दुसऱ्या दिवशीच्या सकाळची हवा कमी करून ठेवतात. चिखल किंवा सैल मातीसाठी दाब मुद्दाम १८-२० पर्यंत उतरविण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगीही आहे. मात्र डांबरावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्याची सोय गाडीत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप यासाठी पुरतो.

मापाचा मुद्दा हा त्या घरातील धाकट्याचा. गाडीचे मूळ माप २५५/६५ आर १८. यातील २५५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. चाकाचा एकूण व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. मुलाच्या मनात २८५/६५ आर १८ होते. त्याचा व्यास सुमारे ८२८. गाडी उंच दिसली असती खरी, पण व्यासातील वाढीचा निम्माच भाग जमिनीपासूनच्या उंचीत मिळतो, म्हणजे २० मिलिमीटरहूनही कमी. बदल्यात व्यास पाच टक्के वाढला म्हणून वेगदर्शक १०० दाखवीत असताना गाडी १०५ ने धावणार, चाक वजनदार झाल्याने ब्रेकवर ताण येणार आणि वळताना टायर मडगार्डाला घासण्याचा संभव. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करण्यास मज्जाव करते. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने फीत लावून माप घेतले तर वाद कोणाच्या अंगावर येणार, हे सांगायला नको. हे सारे आकडे वडिलांनी कागदावर मांडून दाखविले आणि मुलाने फारसा वाद घातला नाही.

वडिलांच्या बाजूचा हिशेबही कागदावर आला. समजा, साधा टायर १०,००० रुपयांचा आणि ६०,००० किलोमीटर टिकणारा; एटी १३,००० चा आणि ४५,००० टिकणारा. चार टायरांचा खर्च पहिल्या बाबतीत किलोमीटरला ६७ पैसे, दुसऱ्यात १ रुपया १६ पैसे. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर फरक सुमारे ७,३०० रुपये. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी साडेअकरावर आली तर वर्षाला ५४ लिटर डिझेल अधिक, म्हणजे आणखी पाच हजारांच्या आसपास. एकूण बारा हजार. ज्याची गाडी अमरावती ते अकोला आणि अमरावती ते नागपूर एवढीच फिरते त्याने हे बारा हजार का घालवावेत, याचे समर्थन करता येत नाही. वऱ्हाडातील बहुसंख्य फोर बाय फोर मालक याच वर्गातले आहेत. त्यांना एचटी टायर उत्तम आणि मित्रमंडळींच्या भिडेपोटी त्यांनी जाळीदार ठोकळ्यांच्या नादी लागू नये. या घरात मात्र महिन्यातून दोनदा गाडी धारणीला जाणार होती, तीही पावसाळ्यात.

मूळ मापाचे, फार आक्रमक नसलेले एटी टायर घ्यायचे ठरले. चार नव्हे, पाच. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत एका चाकाचा घेर इतरांहून वेगळा असला तर आतील दंतचक्रांवर ताण येतो. म्हणून टायर एकाच बनावटीचे, एकाच वेळचे असावेत आणि सुट्या चाकासह पाचही आळीपाळीने फिरवावेत. २०२० मधील नियमबदलानंतर काही गाड्यांना सुटे चाक न देण्याची मुभा मिळाली आहे, पण भिंत फाटल्यावर दुरुस्तीच्या डिंकाचा उपयोग होत नाही आणि हरिसालच्या पुढे मदत येईपर्यंत रात्र होते.

दुकानात वडिलांनी चष्मा पुसून प्रत्येक टायरच्या अंगावरील मजकूर वाचला. आयएसआय चिन्ह. भारांक ११२, म्हणजे एका टायरवर १,१२० किलोपर्यंत भार. वेगाचे अक्षर ‘टी’, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. मग लंबगोल चौकटीतील चार अंक, ज्यातील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. एका टायरवरील आकडे इतरांहून दीड वर्षाने जुने निघाले. कारागिराने काही न बोलता तो परत नेला आणि आतून दुसरा आणला. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्याच्या खुणाही त्याने बोटाने दाखविल्या. खाच १.६ मिलिमीटर उरली की रबर त्या खुणेला येऊन मिळते आणि कायद्याने टायर संपतो. घाटात जाणाऱ्याने ती वेळ येण्याच्या बरेच आधी टायर उतरवावेत, असे तो म्हणाला.

चाकांचा समतोल आणि सरळ रेषा तपासून झाल्यावर हवा भरली गेली. सायंकाळी धाकटा गाडी घेऊन बडनेऱ्यापर्यंत जाऊन आला. आवाज थोडा वाढला आहे, एवढीच त्याची तक्रार होती. वडिलांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातील वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि थंड चाकांतील दाब लिहून ठेवला. दर्यापूरच्या शेतात पेरणीच्या दिवसांत जायचे झाले तर गाडी डांबर संपते तेथे, कडुनिंबाखाली उभी करायची आणि पुढे पायी जायचे, असेही त्याच वेळी ठरले. पुढच्या शनिवारी मुलीच्या घरचे धान्य, लोणच्याची बरणी आणि तिने मागविलेली औषधांची दोन खोकी घेऊन गाडी पहाटे धारणीकडे निघाली. घटांगला पाऊस लागला.